लक्षणे बदलतात तेव्हा : पेरिफेरल न्यूरोपथीसोबतची काही वर्षे

पेरिफेरल न्यूरोपथीचे, म्हणजे हातापायांकडे जाणाऱ्या नसांच्या विकाराचे, निदान होऊन मला आता बरीच वर्षे झाली आहेत, आणि या काळात माझ्या पायांची तक्रार एकसारखी कधीच राहिलेली नाही. सुरुवातीला तळव्यांची आग होत असे, मग आगीच्या जोडीला विजेचा झटका बसावा तशा कळा येऊ लागल्या, पुढे त्या कळा मंदावल्या आणि त्यांची जागा बधिरपणाने घेतली, बधिरपणापाठोपाठ चालताना तोल जाऊ लागला, आणि मध्येच हाताची बोटेही कुरकुर करू लागली. प्रत्येक बदलाच्या वेळी मनात एकच प्रश्न येई : आजार वाढला की कमी झाला? प्रश्न साधा वाटतो, पण केवळ लक्षणांकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नाही, हे समजायला मला फार वेळ लागला. ज्यांना हे निदान नुकतेच झाले आहे त्यांना ते थोडे लवकर कळावे, या इच्छेने हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले लक्षण रात्रीचे होते. दिवसा पायांकडे लक्षही जात नसे. अंथरुणाला पाठ टेकली की थोड्याच वेळात दोन्ही पायांच्या बोटांची टोके आणि तळव्यांचा पुढचा भाग तापू लागे. हात लावून पाहावा तर कातडी गार असायची, आतून मात्र आग आग होत असे. चादरीचा नुसता स्पर्शही सहन होईना. चादरीची कड अंगठ्यावरून सरकली तरी मी दचकून पाय मागे घेत असे, आणि तोच अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला की बरे वाटत असे. हलका स्पर्श दुखावा आणि जोराचा दाब सुखवावा, हे मला इतके विचित्र वाटे की डॉक्टरांना सांगावे की नाही, याचाच मी पुष्कळ विचार केला. सांगितले ते बरे झाले, कारण न्यूरॉलॉजिस्टनी सर्वांत बारकाईने ऐकले ते हेच. दुखणे दोन्ही पायांत एकाच वेळी सुरू झाले का, दोन्हीकडे ते सारख्याच उंचीपर्यंत आहे का, पाठीतून कळ खाली उतरते का, हेही त्यांनी विचारले. दोन्ही पायांत सारखे, बोटांपासून सुरू झालेले आणि हळूहळू वर सरकणारे दुखणे असेल तर त्याचा संशय नसांच्या टोकांकडे जातो. एकाच पायात, पाठीतून खाली येणारे असेल तर कण्याकडे जातो.

असे का होते, हे त्यांनी कागदावर एक रेघ काढून समजावले. पायाच्या अंगठ्याची जाणीव घेऊन जाणारा तंतू हा एकाच पेशीचा धागा असतो आणि कण्यापासून अंगठ्यापर्यंत त्याची लांबी जवळजवळ एक मीटर भरते. पेशीचा मुख्य भाग कण्यालगत असतो. तिथे तयार होणारी प्रथिने आणि इतर सामग्री या सगळ्या लांबीभर वाहून न्यावी लागते. या वाहतुकीत किंवा नसांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत बिघाड झाला की सर्वांत दूरच्या टोकाला आधी झळ बसते. म्हणूनच बधिरपणा किंवा आग बोटांपासून सुरू होते, मोजा चढवावा तशी वर सरकते, आणि साधारण गुडघ्यापर्यंत पोहोचली की मग हातांच्या बोटांची टोके बधिर होऊ लागतात, कारण त्या नसांची लांबी पायाच्या नसांपेक्षा कमी असते. हा क्रम मी तेव्हा नीट लक्षात ठेवला, आणि पुढे एका प्रसंगी त्याचा फार उपयोग झाला.

त्यानंतर एनसीव्ही ही तपासणी झाली. पायावर ठिकठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवून विजेचे छोटे धक्के दिले जातात आणि नसेतून संदेश किती वेगाने व किती जोराने जातो ते मोजले जाते. धक्के असह्य नव्हते. दर वेळी पाऊल आपोआप उडते, त्याची मात्र सवय करून घ्यावी लागते. अहवाल पूर्णपणे स्वाभाविक आला. घरी सर्वांना आनंद झाला आणि मला उलट धास्ती वाटली, कारण रात्रीची आग तर जिथल्या तिथे होती, आणि आता आपल्याला कोणी खरे मानणार नाही असे वाटू लागले. डॉक्टरांनी ती भीती काढून टाकली. एनसीव्ही ही फक्त जाड, वेष्टण असलेल्या तंतूंची परीक्षा आहे. त्या तंतूंमधून संदेश सेकंदाला ४० ते ६० मीटर इतक्या वेगाने धावतो आणि कंप, हलका स्पर्श, सांध्यांची स्थिती यांची जाणीव त्यांच्याकडे असते. वेदना आणि उष्णता यांची वार्ता आणणारे सर्वांत बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर वेगाने काम करतात आणि या यंत्राला ते दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी घोट्याच्या वर त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत आहे. माझ्या बाबतीत तिची गरज पडली नाही. टाचणीच्या टोकाचा आणि गार धातूचा फरक माझ्या बोटांना कळत नव्हता, आणि रक्ताच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारे प्रमाण, ११ टक्क्यांच्या वर निघाले. ६.५ पासून पुढे मधुमेह धरला जातो. कारण हाती आले होते.

कारण सापडणे ही या आजारात भाग्याची गोष्ट आहे. मधुमेह हे सर्वांत मोठे कारण असले तरी ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घकाळचे मद्यपान, थायरॉईड आणि मूत्रपिंडाचे विकार, कुष्ठरोग, एचआयव्ही, काही आनुवंशिक विकार, कर्करोगावरची विन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारखी औषधे, अशी कारणांची मोठी यादी आहे, आणि सगळे तपासूनही पुष्कळ रुग्णांत कारण मिळत नाहीच. ब६ या जीवनसत्त्वाचे तर कमी आणि जास्त असे दोन्ही प्रकार नसांना घातक ठरतात; म्हणून ‘नसांसाठी चांगल्या’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मनानेच वर्षानुवर्षे घेऊ नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मधुमेहावर गोळ्या आणि इन्सुलिन सुरू झाले आणि साखर भराभर उतरली. तीन महिन्यांत अहवाल इतका सुधारला की पायांची आगही आता उतरणार, असे सर्वांनीच गृहीत धरले. घडले नेमके उलटे. त्याच काळात वेदना कित्येक पटींनी वाढली. बोटांपुरती असलेली आग घोट्यांपर्यंत आली. मांडीत, कमरेत अचानक कळ चमकून जाई आणि मी बोलता बोलता थांबत असे. रात्री मोजे, चादर, पंख्याचा वारा, काहीच चालत नसे. पलंगाच्या कडेवर बसून फरशीवर पाय टेकवायचे, फरशी पायांखाली ऊन झाली की जरा बाजूला सरकायचे, असे करत रात्र काढायची. त्या दिवसांत उपचारांवरचा माझा विश्वास डळमळला. साखर बरी होती तेव्हाच पाय बिघडले, मग औषधानेच हे केले असावे, असे मनात येत राही.

साखर फार काळ वाढलेली असताना ती झपाट्याने खाली आणली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीए१सी दोन टक्क्यांहून अधिक उतरले, तर काही रुग्णांत पुढच्या काही आठवड्यांत अशी तीव्र वेदना सुरू होते, हे वैद्यकाला माहीत आहे. मला ते माहीत नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, “साखर ताब्यात ठेवायचीच आहे, ते सोडायचे नाही. उतरण्याचा वेग मात्र बेताचा ठेवू. ही वेदना ओसरते, पण तिला महिने लागतात.” अशा वेळी डोळ्यांच्या पडद्यावरही परिणाम होऊ शकतो म्हणून त्यांनी डोळे आणि लघवीतील प्रथिने लगेच तपासून घ्यायला लावली. सर्वांत जास्त धीर मला या ‘महिने लागतात’नेच दिला. लवकर बरे वाटेल, असे त्यांनी सांगितले असते तर पुढच्या प्रत्येक वाईट रात्री मी अधिक खचले असते.

वेदनेसाठी प्रथम रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिनची दहा मिलिग्रॅमची गोळी मिळाली. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, कारण इथे इजा ऊतींमध्ये नसून संदेश वाहणाऱ्या तंतूंतच असते. म्हणून मुळात नैराश्यासाठी किंवा फिट्‌ससाठी बनलेली औषधे वापरली जातात आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे जावे लागतात. झोप सुधारली, पण तोंडाला कोरड पडे आणि सकाळी डोके जड राही. त्यातच अंथरुणातून उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. हे औषधामुळे की आजारामुळे, हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा होता, कारण रक्तदाब, घाम, पचन, मूत्राशय यांचे कामकाज सांभाळणाऱ्या स्वायत्त नसाही याच आजारात सापडतात. झोपलेल्या स्थितीत आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजला, तेव्हा वरचा आकडा वीसहून अधिक उतरलेला निघाला. थोडा वाटा नसांचा होता आणि थोडा गोळीचा, कारण या गोळीने उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो. ती हळूहळू बंद करून प्रीगॅबालिन हे दुसरे औषध सुरू केले. अंधारी कमी झाली; पुढे पावले सुजू लागली आणि बूट घट्ट होऊ लागले, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला. पाय आवळल्यासारखे वाटणे हे न्यूरोपथीचेही लक्षण आहे, पण बोटाने दाबल्यावर राहणारा खळगा न्यूरोपथीचा नव्हता. तो औषधाचा होता, आणि मात्रा कमी केल्यावर गेला.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. यातील कोणतेही औषध एकदम बंद करू नये. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, आणि तीही डॉक्टरांना विचारून. शिवाय वेदना शून्यावर आणणे हे या औषधांचे ध्येय नसते. ती निम्म्यावर आली तरी उपचार चांगला लागू पडला असे मानतात. निम्मी म्हणजे किती, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ज्याने पूर्ण सोसली आहे त्याला नीट कळते. रात्री चार तास सलग झोप लागते की नाही, एवढ्यावर दुसऱ्या दिवसाचा सगळा कारभार अवलंबून असतो.

पुढच्या वर्षभरात वेदना खरोखरच ओसरली. चादर पुन्हा अंगावर घेता येऊ लागली, कळा थांबल्या, आणि एका भेटीत मी डॉक्टरांना समाधानाने सांगितले की पाय आता शांत आहेत. त्यांनी नुसती मान हलवली आणि मला तपासणीच्या टेबलावर झोपवले. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटून त्यांनी त्याचे बूड माझ्या अंगठ्याच्या हाडावर, नखाच्या जरा मागे, टेकवले. “डोळे मिटा. कंप थांबला की सांगा.” मी वाट पाहत राहिले. थंड धातू टेकल्याचा अंदाज होता. कंप सुरू झाल्याचेच मला कळले नव्हते. त्यांनी तोच काटा पुन्हा वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवला, तिथे अगदी पुसट काहीतरी जाणवले. नडगीवर जास्त, आणि गुडघ्याच्या वाटीवर इतके स्पष्ट की तोवर खाली काय हरवले होते ते मला एकदम समजले. मग त्यांनी माझा अंगठा दोन बाजूंनी धरून किंचित वर-खाली केला आणि कोणत्या दिशेला हलवला ते विचारले. मी जी उत्तरे दिली ती अंदाजाने दिली होती, आणि त्यांतली निम्मी चुकली. शेवटी नायलॉनचा एक बारीक तंतू, जो वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो, तळव्यावर वेगवेगळ्या ठिकाणी टेकवला. दोन ठिकाणी मला काहीच लागले नाही.

“दुखणे दोन कारणांनी थांबते,” ते म्हणाले. “नस सावरली तरी थांबते, आणि नसेने संदेश पाठवणे सोडले तरी थांबते. तुमच्या पायांत दोन्ही थोडेथोडे झालेले दिसते.”

या आजाराबद्दल मला मनापासून काही सांगायचे असेल तर ते हेच आहे. एरवी आयुष्यभर आपण दुखणे म्हणजे बिघाड आणि न दुखणे म्हणजे बरे असणे, असे धरून चालतो, आणि इतर बहुतेक आजारांत ते खरेही ठरते. इथे ते गणित लागू पडत नाही. साखर आटोक्यात येताना माझी वेदना वाढली होती. जाड तंतूंची जाणीव जात असताना ती कमी झाली होती. याच्या उलट प्रकारही मी पुढे अनुभवला : अनेक महिने मुकी असलेली घोट्याच्या वरची एक पट्टी पुन्हा मुंग्यांनी भरून गेली, तेव्हा मी घाबरून गेले, आणि तपासणीत तिथे टाचणीची जाणीव परत आलेली आढळली. सुदैवाने तंतू पुन्हा वाढू लागला तरी तो दिवसाला फार तर एक मिलिमीटर वाढतो, मधुमेहात त्याहूनही सावकाश, आणि वाढणारी टोके शांत नसतात. म्हणून नवीन मुंग्या आल्या की आजार पसरला, अशी समजूत मी आता करून घेत नाही. त्या सुधारणेच्या आहेत अशी आशाही तपासणीशिवाय धरत नाही.

पाय शांत असण्याचा धोका त्याच सुमारास घरी दिसून आला. एका संध्याकाळी बूट काढल्यावर मुलगी म्हणाली, “आई, तुझ्या मोज्याला हे काय लागलंय?” डाव्या करंगळीच्या बाजूला मोजा ओला आणि तांबूस झाला होता. बुटाच्या आतले अस्तर सुटून त्याची घडी पडली होती आणि दिवसभर त्या घडीने करंगळीचे सालडे काढले होते. मला दिवसभरात काहीही जाणवले नव्हते. जखम लहान होती, पण पायाच्या बाबतीत लहान जखमेवर विसंबता येत नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी दाखवली आणि ती भरेपर्यंत बूट घातला नाही. तेव्हापासून रात्री झोपण्यापूर्वी पाय पाहणे हा माझा नेम आहे. तळवे आरशात पाहते, बोटांच्या बेचक्या उघडून पाहते आणि त्या कोरड्या ठेवते. मलम तळव्यांना लावते, बेचक्यांत लावत नाही. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवते. घरातही अनवाणी चालत नाही. आंघोळीचे पाणी पायाने न पाहता कोपराने पाहते, आणि शेकण्याची पिशवी पायांजवळ आणत नाही, कारण पाय भाजला तरी तो मला सांगणार नाही. एखादे पाऊल सुजले, लाल झाले आणि दुसऱ्यापेक्षा ऊन लागले, पण फारसे दुखत नसले, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, हे मला पुन्हा पुन्हा बजावले आहे. बधिर पावलातली हाडे आणि सांधे आतल्या आत मोडत असतात तेव्हा असेच दिसते.

तोल जाण्याचे लक्षण मात्र इतके हळू आले की ते केव्हा सुरू झाले हे सांगता येणार नाही. उजेडात मी व्यवस्थित चालत असे. अंधाऱ्या खोलीत, किंवा बेसिनपुढे उभी राहून चेहरा धुताना डोळे मिटले की शरीर एका बाजूला कलत असे आणि हात आपोआप भिंतीकडे जाई. उभे राहण्यासाठी शरीराला डोळे, कानाच्या आतले तोल सांभाळणारे अवयव आणि पायांच्या सांध्यांतून येणारी खबर, यांतल्या किमान दोहोंचा आधार लागतो. माझी पायांची खबर तुटक येते, म्हणून डोळे मिटताच पंचाईत होते. एकोणिसाव्या शतकातले जर्मन वैद्य मोरित्झ रोम्बेर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी, पाय जुळवून डोळे मिटून उभे राहण्याची परीक्षा हीच गोष्ट दाखवते. फिजिओथेरपिस्टनी ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहणे, टाचांवर आणि चवड्यांवर चालणे, एका रेषेत पाऊल टाकणे असे व्यायाम दिले. त्यांनी नसा दुरुस्त होत नाहीत, पण उरलेल्या खबरीचा उपयोग करायला शरीर शिकते आणि पोटऱ्यांचे स्नायू टिकून राहतात. खोली ते न्हाणीघर या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवला आणि पायात अडकणारी पायपुसणी काढून टाकली. वाहन चालवणे मी स्वतःहून थांबवले. ब्रेकवर पाय किती दाबला गेला हे पायाला कळत नसेल, तर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा मला अधिकार नाही.

मग हातांची पाळी आली. सदऱ्याचे वरचे बटण लावताना बटण चिमटीत आहे की निसटले, हे पाहिल्याशिवाय कळेना. बोटे बटणाच्या कडेवर असत, अंगठ्याने ते काजाकडे ढकलायचे असे, आणि मध्येच चिमूट रिकामी असल्याचे आरशात दिसे. आजार आता हातांपर्यंत पोहोचला, हे मी मनाशी जवळजवळ मान्य केले होते. परंतु तो क्रम मला आठवत होता. पायांतला बधिरपणा अजून नडगीच्या मध्यापर्यंतच होता, गुडघ्यापर्यंत गेला नव्हता. मग हातांचा नंबर इतक्या लवकर कसा? शिवाय अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एवढ्यांनाच मुंग्या येत, करंगळी साफ मोकळी होती, आणि पहाटे जाग आल्यावर हात झटकला की बरे वाटे. हे सर्व सांगितल्यावर पुन्हा एनसीव्ही झाली आणि मनगटापाशी एकाच नसेचा वेग मंदावलेला निघाला. मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबण्याचा, कार्पल टनेल म्हणून ओळखला जाणारा हा विकार मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि त्यावर उपाय आहेत. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपू लागले आणि काही आठवड्यांत बटण पुन्हा न पाहता लागू लागले. त्याच वेळी ब१२ तपासले, कारण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे घेतल्याने त्याचे शोषण घटू शकते. ते कमी निघाले आणि इंजेक्शने सुरू झाली. सगळे खापर एकाच निदानावर फोडून मी गप्प बसले असते, तर या दोन्ही दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी तशाच राहिल्या असत्या.

तेव्हापासून मी नोंदवही दोन भागांत लिहिते. डाव्या पानावर काय वाटते ते : आग, मुंग्या, कळा, कुठवर, किती वाजता, झोप मोडली का. उजव्या पानावर काय करता येते ते : एका पायावर किती वेळ उभी राहू शकले, बटण लागले का, टाचांवर चालता आले का, झोपून आणि उभ्याने रक्तदाब किती. औषध किंवा मात्रा बदलली की दोन्ही पानांच्या मध्ये तारीख घालते. डावे पान दर आठवड्याला बदलते. थंडी, कमी झोप, साधा ताप, चिंता, जास्त चालणे, कशानेही ते उसळते. उजवे पान फार सावकाश बदलते, आणि डॉक्टर आधी ते वाचतात. ज्या दिवशी डाव्या पानावर भयंकर काही लिहावे लागते त्या दिवशी उजव्या पानावर नजर टाकली की मन ताळ्यावर येते. उलटही घडते : डावे पान कोरे आणि उजव्या पानावर घसरण, असे दिसले की मी ठरलेल्या तारखेची वाट पाहत नाही.

काही बदलांत तर नोंदवहीचाही विचार करू नये. दोन्ही पायांतली ताकद काही दिवसांतच वर वर कमी होत जाणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, एका बाजूचा हात-पाय आणि चेहरा अचानक लुळा पडणे, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी अडणे किंवा आपोआप होणे, हे हळू चालणाऱ्या न्यूरोपथीचे वागणे नव्हे. अशा वेळी थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

घरच्यांना हा आजार समजावणे हा स्वतंत्र प्रयत्न आहे. बाहेरून माझे पाय इतरांसारखेच दिसतात, आणि काल फिरून आलेली बाई आज स्वयंपाकघरापर्यंत जाताना भिंत का धरते, हे पाहणाऱ्याला उमगत नाही. मी आता ‘बरे नाही’ असे मोघम सांगत नाही. ‘आज आग आहे, पण तोल ठीक आहे, आपण जाऊ या’ किंवा ‘आज दुखत नाही, पण तोल ठीक नाही, जिन्यावर हात दे’ असे सांगते. मुलीने हे इतके आत्मसात केले आहे की ती आता “कशी आहेस?” असे न विचारता “आज दुखतंय की डगमगतंय?” असे विचारते, आणि त्याचे उत्तर मला नेमके देता येते.

सध्या प्रीगॅबालिनची मात्रा पूर्वीच्या निम्मी आहे, एचबीए१सी सातच्या आसपास आहे, आणि नडगीवरचा बधिरपणा गेल्या तपासणीत जिथे होता तिथेच आहे. गेल्या काही आठवड्यांत डाव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या भागावर मुंग्या येऊ लागल्या आहेत, उजवीकडे काहीच नाही. एकाच बाजूचे लक्षण असल्यामुळे ते जुन्या दुखण्याच्या खात्यात मी अजून लिहिलेले नाही. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूच्या हाडाला वळसा घालून एक नस अगदी कातडीलगत जाते, आणि मी वाचताना डावा पाय उजव्यावर टाकून बसते, तेव्हा तिथेच दाब येतो. तसे बसणे बंद केले आहे. पाऊल चवड्याकडून खाली पडत नाही ना, हे पाहण्यासाठी रोज टाचांवर चार पावले चालून पाहते. अजून तरी दोन्ही पायांनी नीट चालता येते, आणि पुढच्या भेटीत विचारायच्या गोष्टींत हे सर्वांत वर लिहून ठेवले आहे.